आधी नावं घाला, मग भांडी मोजा

परवा हापिसात पुन्हा तीच मीटिंग झाली. विषय: क्लाउडवरच्या आपल्या नेटवर्कात नक्की कोणती यंत्रं आहेत हे ओळखायला कुठलं मॉनिटरिंग टूल घ्यायचं? तीन विक्रेते, तीन डेमो, आणि तिन्हींत काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके नि त्यांना जोडणाऱ्या सुंदर रेषा. साहेब मंडळी खूश! मी मात्र चिडून घरी आलो. आता ब्लॉग आहे म्हटल्यावर चिडचीड इथेच ओतणार ना... (मावशी, काका, तांत्रिक शब्द बघून पळू नका. गोष्ट शेवटी भांड्यांचीच आहे.)

माझं म्हणणं सरळ आहे. यंत्र सापडणं वेगळं आणि ओळखणं वेगळं. आपण पैसे मोजतो सापडण्यासाठी आणि अडतो ओळखण्यापाशी.

सर्व्हर हापिसातल्याच एसी खोलीत घरघरायचे तेव्हा नेटवर्कात हाक मारली की यंत्रं ओ द्यायची. एनमॅप १९९७ पासून हेच करतंय: एकेक दार ठोठवायचं आणि आतून कोण बोलतं ते टिपायचं. उत्तम अवजार, मी आजही वापरतो. पण क्लाउडवर ते एकटं पुरत नाही. फायरवॉलचे नियम पिंग अडवतात, म्हणजे यंत्र घरात असतं पण दाराशी येत नाही. ऑटो-स्केलिंग असेल तर गर्दी वाढली की यंत्रं जन्मतात, ओसरली की जातात. आज एकाचा असलेला आयपी पत्ता उद्या दुसऱ्याचा. दुपारी वीस मिनिटं जगलेलं यंत्र रात्री दोनच्या स्कॅनला कसं दिसणार?

आणि मुळात दारं ठोठवत फिरायचं कशाला? क्लाउडवरचं प्रत्येक यंत्र क्लाउडवाल्याकडे मागूनच मिळतं. त्याच्या वहीत नोंद असतेच. ऍमेझॉनचं कॉन्फिग, ऍझ्युअरचं रिसोर्स ग्राफ, गूगलचं क्लाउड ऍसेट इन्व्हेंटरी ही सगळी ती वही वाचायचीच साधनं. (व्हीपीएनवरून आत येणारे लॅपटॉप या वहीत नसतात. तिथे वेगळी सोय लागतेच, हे मान्य.)

म्हणून विक्रेत्याला माझे तीनच प्रश्न असतात. तुमचं टूल ही वही वाचतं की नुसतं दारं ठोठवतं? आमची सगळी खाती आणि सगळे रीजन वाचतं का? आणि हे यंत्र कोणाचं, ते सांगतं का? तिसऱ्या प्रश्नाला परवा तिघांचंही उत्तर एकच होतं: "सर, तुम्ही टॅग लावले असतील तर दाखवू."

आता हा प्रश्न मला इतका का झोंबतो ते सांगतो. गेल्या वर्षी आमच्याकडे 'टेस्ट-२' नावाचं एक यंत्र निघालं. डॅशबोर्डवर त्याचा हिरवा ठिपका रोज दिसत होता. तब्येत ठणठणीत! फक्त त्याचं एक पोर्ट सगळ्या जगाला उघडं होतं. कोणी बनवलं? ऍमेझॉनच्या क्लाउडट्रेलमध्ये आपोआप राहणारा इतिहास ९० दिवसांचा असतो. जास्त हवा तर आधी सोय करावी लागते. आम्ही केली नव्हती. मग काय, संशय गेला टीममधल्या सगळ्यात नव्या मुलीवर. दोन दिवस बिचारी खाली मान घालून बसली होती. शेवटी कोणीतरी यंत्राच्या डिस्कची तारीख बघितली. आठ महिन्यांपूर्वीची! आणि ही मुलगी रुजू होऊन जेमतेम पाच महिने झालेले. त्या मीटिंगमध्ये मीही गप्प बसलो होतो, हे इथे कबूल करतो.

हा काही आमच्यासारख्यांचाच गाढवपणा नाही. २०१७ साली अमेरिकेत इक्विफॅक्समधून सुमारे १४ कोटी ७० लाख लोकांची माहिती चोरीला गेली. अपाचे स्ट्रट्समधल्या दोषाची सूचना मार्चमध्येच आली होती. स्कॅनही केला होता. पण आपल्याकडे काय काय आहे याची पूर्ण यादीच नसल्यामुळे दोष असलेलं पोर्टल त्यातून निसटलं. टूल होतं, यादी नव्हती.

आता भांडी. आमच्याकडे स्टीलचं नवं पातेलं आणलं की आई दुकानातच त्यावर नाव घालून घ्यायची. वाड्यात कार्य निघालं की दहा घरची पातेली एकत्र व्हायची आणि संध्याकाळी प्रत्येक पातेलं आपापल्या घरी जायचं. त्यासाठी कोणी पहारेकरी नेमला नव्हता. टॅग म्हणजे तेच हो! यंत्र कोणाचं, कशासाठी, कधीपर्यंत. ही तीन नावं घातल्याशिवाय यंत्र बनूच द्यायचं नाही असा नियम क्लाउडवर लावता येतो, तोही वेगळं टूल विकत न घेता. एवढं केलंत तर प्रोमिथियससारखं मोफत टूलही क्लाउडची यादी वाचून कामाला लागतं. नाही केलंत, तर महागातलं टूलसुद्धा बेवारशी पातेली चकचकीत रांगेत मांडून दाखवेल, इतकंच.

असो. पुढच्या आठवड्यात चौथा डेमो आहे. या वेळी तिसरा प्रश्न मी आधी आमच्याच साहेबांना विचारणार आहे. तुमच्याकडे काय चाललंय, कळवा.