परदेशात घर घेण्याआधी लंडनची हकीकत

दुबईतल्या फ्लॅटच्या जाहिराती आता आपल्या तरुणांच्याही मोबाइलवर येऊ लागल्या आहेत. नोकरी-व्यवसायात स्थिरावलेली आपली पिढी परदेशात घर घेण्याचा विचार करते, याचा आम्हाला आनंदच आहे. पण त्याआधी लंडनच्या १०, किंग हेन्रीज रोडचे काय झाले ते पाहा.

१९२१-२२ मध्ये बाबासाहेब जिथे राहिले ती वास्तू महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ३० कोटींहून अधिक रुपये मोजून घेतली. पंतप्रधानांच्या हस्ते उद्घाटनही झाले. तरीही राहत्या घराचे संग्रहालय करायला कॅमडेन कौन्सिलने २०१८ मध्ये परवानगी नाकारली. मालक कोण, तर एका राज्याचे सरकार! अपील झाले, जाहीर सुनावणी झाली आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश मंत्र्यांनी मान्यता दिली, तेव्हा कुठे स्मारक टिकले.

सरकारकडे वकील होते, पाठीशी समाज होता. एकट्यादुकट्या खरेदीदाराकडे काय असते?

भारतात राहणाऱ्याला रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरच बाहेर पाठवता येतात. परदेशातले घर आयकर विवरणपत्रात दाखवावे लागते. लपवल्यास १० लाखांचा दंड होऊ शकतो. एजंट सांगतो ते व्हिसाचे. दुबईत २० लाख दिरहमच्या मालमत्तेवर गोल्डन व्हिसा मिळतो हे खरे, पण स्पेनने अशी सोय एप्रिल २०२५ मध्ये बंद करून टाकली.

सही करण्याआधी घराचा वापर, भाडे आणि विक्रीचे नियम तिथल्या वकिलाकडून लेखी घ्या. हा वकील बिल्डरने सुचवलेला नसावा.