उन्हाची मोजणी उन्हाळ्यात नको, झडीच्या दिवसाची धरा!

लोहारा परिसरातल्या भावांनो, बहिणींनो,

सोलरची फाईल आली की साहेब विचारतात, "घरं किती?" ऊन किती, हे कोणी विचारत नाही. काहून? तर म्हणे, विदर्भात उन्हाला काय कमी! ह्या एका वाक्यावर आपल्या पोडांवरचा अंधार उभा आहे.

आमचं म्हणणं असं की, ऊन जमिनीसारखंच आहे. जागेवर येऊन मोजल्याशिवाय कोणाच्या वाट्याला किती, ते कळत नाही.

मोजतात कसं? दिवसभराचं कोवळं-कडक ऊन एकत्र धरून ते भर दुपारच्या उन्हाचे किती तास होतात, ते काढतात. आपल्याकडे मे महिन्यात असे सहा-साडेसहा तास भरतात. जुलै-ऑगस्टात चारच्या आसपास. कागदावर मात्र वर्षाची सरासरी लिहितात, पाचाच्या वर. दिवा सरासरीवर लागत नाही, त्या दिवशीच्या उन्हावर लागतो. आणि साप-विंचू निघतात ते पावसाळ्याच्याच रात्री.

आता हिशेब करा. २०२३ च्या पीएम-जनमन योजनेत कोलामांसारख्या आदिम जमातींच्या, जिथं लाईन पोचत नाही अशा घरांसाठी ३०० वॅटचं सोलर धरलं आहे. ऑगस्टात ३०० गुणिले ४ म्हणजे १२०० वॅट-तास. धूळ, तार, बॅटरी यांत तिसरा हिस्सा गेला, उरले ८००. त्यावर झाडाची सावली पडून अर्धं गेलं, उरले ४००. सात वॅटचे चार दिवे सहा तास आणि पंचवीस वॅटचा पंखा आठ तास चालवला की ३६८ संपले. मोबाईल लावला की खल्लास. झड लागली की बॅटरीतलं साठवणही जातं.

सावली काही थोडी गोष्ट नाही. पॅनेलमधल्या चकत्या एकामागं एक जोडलेल्या असतात. एका कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी अख्खी ओळ अडते. सर्वेवाले येतात रस्ता सुकल्यावर, उन्हाळ्यात. तेव्हा सागाला पान नसतं, आभाळ मोकळं दिसतं. पावसाळ्यात तोच साग सुपाएवढी पानं घेऊन डोक्यावर उभा राहतो. मग ठेकेदार म्हणतो, "झाड तोडा." आम्ही म्हणतो, झाड आधीपासून आहे, खांब तुम्ही नंतर आणला. खांब हलवा!

मोजणी आपल्यालाही येते. २२ डिसेंबरला भर दुपारी आपल्याकडे काठीची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते, सकाळी नवाला आणि दुपारी तीनला दुप्पट. म्हणून पॅनेलच्या दक्षिणेचं झाड निदान आपल्या उंचीइतकं दूर पाहिजे, आग्नेयेचं आणि नैऋत्येचं दुप्पट. जुलैत सूर्य थेट डोक्यावर येतो, तेव्हा वरची फांदी पाहा. काठी घ्या, पोरांना सोबत घ्या, सावलीच्या खुणा मांडा, वहीत लिहा.

जागेचा प्रश्न निघाला तर वनहक्क कायदा, २००६ चं कलम ३(२) दाखवा. अपारंपरिक ऊर्जेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते, पण ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे जागा ठरवताना आपल्याला विचारावंच लागेल.

म्हणून ग्रामसभेत हा ठराव घ्या :

१. सोलर किती मोठं, हे ऑगस्टच्या उन्हावर ठरवा, सरासरीवर नाही.

२. जागा ग्रामसभेसमोर, सावली मोजून ठरवा.

३. बॅटरी झडीचे निदान तीन दिवस पुरेल अशी द्या.

४. सोलर बसवलं म्हणून विजेच्या लाईनीची मागणी निकाली काढू नका.

सोलरला आमचा विरोध नाही. कागदावर घर उजळवून मोकळं होण्याला विरोध आहे. जंगलातल्या माणसाला उरलंसुरलं चालतं, हा हिशेब आता बंद!

जय सेवा! जय जोहार!