विश्लेषण : चिप-युद्धाच्या यादीत सूक्ष्मदर्शकही? इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपच्या निर्यातीवर निर्बंध कशासाठी?

चिप-युद्ध म्हटले की चर्चा होते ती चिप आणि त्या छापणाऱ्या महाकाय यंत्रांची. २०२४ मध्ये मात्र जपान आणि अमेरिकेने निर्यात नियंत्रणाच्या यादीत एका वेगळ्याच उपकरणाची भर घातली. ते म्हणजे काही विशिष्ट क्षमतेचे स्कॅनिंग इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप (एसईएम). फक्त ‘पाहण्यासाठी’ वापरले जाणारे हे यंत्र इतके संवेदनशील का ठरले, आणि भारताने यातून काय घ्यावे, याविषयी…

नेमके काय घडले?

जपानने एप्रिल २०२४ मध्ये चार तंत्रज्ञानांच्या निर्यातीवर नियंत्रण आणण्याचे जाहीर केले. त्यात क्वांटम संगणक, अत्याधुनिक ट्रान्झिस्टरची ‘गेट-ऑल-अराउंड’ रचना आणि अतिशीत तापमानात चालणारी सर्किट्स यांच्या बरोबरीने एसईएमचाही समावेश होता. चीनच्या वाणिज्य मंत्रालयाने त्यावर नाराजी व्यक्त केली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेनेही चिपच्या प्रतिमा घेण्यासाठी खास बनवलेले एसईएम आपल्या यादीत टाकले. ही सरसकट बंदी नाही. असे यंत्र परदेशात पाठवण्याआधी सरकारचा परवाना घ्यावा लागतो. महाविद्यालयांत वापरले जाणारे साधे एसईएम सहसा या कक्षेत येत नाहीत.

हे यंत्र चालते कसे?

साध्या सूक्ष्मदर्शकाला प्रकाशाची मर्यादा असते. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर असल्याने सुमारे २०० नॅनोमीटरपेक्षा जवळ असलेले दोन बिंदू त्याला वेगळे दाखवता येत नाहीत. वेगवान इलेक्ट्रॉनची तरंगलांबी याच्या हजारो पट कमी असते. हा गुण हेरून अर्न्स्ट रुस्का आणि मॅक्स नॉल यांनी १९३१ मध्ये बर्लिनमध्ये पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप तयार केला. त्यासाठी रुस्का यांना नोबेल मिळाले, पण तब्बल ५५ वर्षांनी, १९८६ मध्ये.

एसईएममध्ये निर्वात पोकळीत इलेक्ट्रॉनचा बारीक झोत चुंबकीय भिंगांनी एकवटून नमुन्यावरून ओळीओळीने फिरवला जातो. नमुन्यातून बाहेर पडणाऱ्या इलेक्ट्रॉनवरून पृष्ठभागाचे चित्र तयार होते. त्याच वेळी निघणाऱ्या क्ष-किरणांवरून नमुन्यात कोणती मूलद्रव्ये आहेत, हेही कळते. दुसरा प्रकार ‘ट्रान्समिशन’ म्हणजे टीईएम. त्यात झोत अतिशय पातळ नमुन्याच्या आरपार जातो आणि उत्तम यंत्रात अणूंच्या रांगाही दिसतात.

मग चिपशी संबंध काय?

संबंध दुहेरी आहे. पहिला कारखान्यातला. आधुनिक चिपवरच्या रेषा काही नॅनोमीटर रुंदीच्या असतात, तर माणसाचा केस साधारण ८० हजार नॅनोमीटर जाड असतो. छापलेली रेषा ठरल्याप्रमाणे उमटली की नाही, हे जागेवरच मोजणारे खास एसईएम चिप कारखान्यात बसवलेले असतात. मोजता आले नाही तर चूक सापडत नाही, आणि चूक सापडली नाही तर उत्पादन वाया जाते.

दुसरा संबंध उलट दिशेचा. तयार चिपचे थर एकेक करून खरवडायचे, प्रत्येक थराच्या असंख्य प्रतिमा घ्यायच्या, त्या अचूक जुळवायच्या आणि मूळ आराखडा वाचायचा. याला ‘रिव्हर्स इंजिनीअरिंग’ म्हणतात. अमेरिकेच्या नियमाचा रोख अशाच कामाला लागणाऱ्या अचूकतेवर आहे.

गंमत म्हणजे हेच कौशल्य पाश्चात्त्य देशांच्याही कामी आले. ऑगस्ट २०२३ मध्ये हुआवेचा ‘मेट ६० प्रो’ बाजारात आला. कॅनडातील टेकइनसाइट्स या कंपनीने तो उघडून त्यातील चिपची तपासणी केली. निर्बंध असूनही चीनच्या एसएमआयसीने ७ नॅनोमीटर श्रेणीची चिप बनवल्याचे त्यातून जगाला कळले.

ही यंत्रे बनवते कोण?

मोजकेच देश. जपानमध्ये जेईओएल आणि हिताची, जर्मनीत झाइस, तर अमेरिकेची थर्मो फिशर. चेक प्रजासत्ताकातील ब्रनो हे शहर या उद्योगाचे मोठे केंद्र आहे. चीनने स्वतःचा पर्याय शोधायला सुरुवात केली असून जानेवारी २०२४ मध्ये तिथे १२० किलोव्होल्टचा स्वदेशी टीईएम सादर झाला. निर्बंधांचा असाही परिणाम होतो. ते वेळ मिळवून देतात, पण समोरच्याला स्वावलंबी व्हायलाही भाग पाडतात.

भारत कुठे आहे?

सुरुवात मागे नव्हती. १९४० च्या दशकात कोलकात्यात नीरजनाथ दासगुप्ता यांनी भारतातील पहिला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप उभारला होता. वापराचे कौशल्य आजही आहे. मार्च २०२० मध्ये भारतातील करोना विषाणूची पहिली प्रतिमा पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेने टीईएमच्याच साहाय्याने टिपली. मात्र प्रयोगशाळांतील उच्च क्षमतेची यंत्रे जवळपास सर्वच आयात केलेली आहेत.

खरा प्रश्न खरेदीनंतर सुरू होतो. यंत्र बंद पडले की सुटा भाग परदेशातून येईपर्यंत संशोधकांचे काम अडते. आहे ती यंत्रे सर्वांना वापरता यावीत म्हणून जानेवारी २०२० मध्ये ‘आय-स्टेम’ हे सरकारी पोर्टल सुरू झाले. त्यावर दुसऱ्या संस्थेतील यंत्राची वेळ आरक्षित करता येते. सोय उपयुक्त आहे, पण ती वाटपाची आहे, निर्मितीची नाही.

पुढे काय?

डिसेंबर २०२१ मध्ये केंद्राने सेमीकंडक्टर क्षेत्रासाठी ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली. गुजरातमधील धोलेरा येथे टाटा समूह तैवानच्या पीएसएमसीच्या सहकार्याने चिप कारखाना उभारत आहे. भारतावर आज निर्बंधांचा रोख नाही आणि अमेरिका-जपानशी संबंधही चांगले आहेत. तरीही चिप देशात बनली आणि ती तपासणारे यंत्र, त्याचे सुटे भाग व दुरुस्तीचे तंत्रज्ञ परदेशीच राहिले, तर परवान्याची किल्ली दुसऱ्याच्या हातात राहील. इलेक्ट्रॉनचा स्रोत, भिंगे, शोधक, निर्वात पंप यांसारखे भाग देशात बनवणे आणि दुरुस्ती करणारी माणसे घडवणे हे काम चिप कारखान्याच्या मानाने कमी खर्चाचे आहे. त्याचे भूमिपूजन होत नाही, म्हणूनच बहुधा ते मागे पडते.