दंडाच्या कलमाने इंजिन येत नाही

पुरवठादाराने उशीर केला की करारातला दंड वसूल करावा, विषय संपला, असे गेल्या अंकातील पत्रात म्हटले आहे. दुसरा विक्रेता हाताशी असेल तर ठीक. तेजस या लढाऊ विमानाच्या एफ404 इंजिनाला तो नाही. दंडाच्या रकमेने ते विमान बनवणारी एचएएल (हिंदुस्तान एरोनॉटिक्स) घेणार काय?

फेब्रुवारी 2021 मध्ये 83 तेजस मार्क-1ए विमानांचा करार झाला. ऑगस्टमध्ये एचएएलने अमेरिकेच्या जीई कंपनीकडे 99 इंजिने नोंदवली. पहिले इंजिन मिळाले मार्च 2025 मध्ये. विमानेच मुळी मार्च 2024 पासून द्यायची होती!

जीईने आधीची 65 इंजिने पुरवून ती उत्पादनसाखळी बंद केली होती. पाच वर्षे थंडावलेले काम पुन्हा उभे करायचे, तर सुटे भाग देणारे कारखानेही नव्याने जमवावे लागतात. हा धोका सहीच्या दिवशीच दिसत होता. जोखमीच्या नोंदवहीत त्याची जागा पहिल्या ओळीत हवी.

एचएएलने हाताशी असलेली राखीव इंजिने बसवून चाचण्या चालू ठेवल्या, हे शहाणपणाचे झाले. नाशिकलाही जुळणी सुरू झाली. 17 ऑक्टोबर 2025 रोजी तिथून मार्क-1ए उडाले. पण जुळणी वाढवून इंजिने वाढत नाहीत.

आता पुढच्या 97 विमानांसाठी त्याच कंपनीकडून 113 इंजिने 2027 ते 2032 या काळात यायची आहेत. म्हणजे जादा इंजिने तेव्हाही 16 आणि आताही 16. पत्रलेखकाने दंडाच्या टक्केवारीआधी या आकड्याचा हिशेब मागावा.