कुंभाराकडून निबंध कशाला?



प्रदर्शनात भांडी मांडायची तर अर्जासोबत ‘कलावंताचे निवेदन’ जोडा, ही अट आता चित्रकार-शिल्पकारांपुरती राहिलेली नाही. मातीकाम करणाऱ्यांनाही ती घातली जाते. कुंभारावर ही सक्ती नको, असे माझे स्पष्ट मत आहे.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, तेव्हा माठ घेणारी गृहिणी त्यावर टिचकी मारून आवाज ऐकते. खणखणीत वाजला तर घेते, बद्द वाजला तर बाजूला सारते. पाणी किती गार होणार हे मातीत वाळू-राख किती मिसळली, थापटून माठ किती पातळ केला, आव्यात आच किती दिली यावर ठरते. भाजणी जास्त झाली की छिद्रे बुजतात, माठ पाझरत नाही आणि पाणी कोमटच राहते. हे ज्ञान कुंभाराच्या हातात असते. ‘निर्मितीमागील संकल्पना’ या रकान्यात ते मावत नाही. मग तो शिकलेल्या पुतण्याला गाठतो आणि ‘मातीशी असलेले आदिम नाते’ छापाचा मजकूर तयार होतो. त्यावरून निवड समितीला काय कळणार? नागपूरच्या मूर्तिकारांच्या चितार ओळीत गणपती ठरवताना आपण मूर्तीच्या डोळ्यांची आखणी बघतो, मूर्तिकाराकडे निबंध मागत नाही.

१७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत कुंभारकामही आहे. तिथे कारागिराचे कौशल्य तपासतात, प्रशिक्षण देतात आणि अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत करतात. सरकारला जे उमगले ते कलादालनांना उमगू नये?

निवेदनामुळे कारागिराला नाव मिळते, मालाला भाव येतो, असे समर्थक म्हणतात. त्यात तथ्य आहे. इंग्लंडच्या बर्नार्ड लीच यांनी १९४० साली कुंभारकामावर पुस्तक लिहिले आणि ते जगभर वाचले गेले. पण त्यांचे स्नेही, जपानचे शोजी हमादा, आपल्या भांड्यांवर सहीसुद्धा करत नसत. तरीही १९५५ मध्ये जपान सरकारने त्यांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ म्हणून गौरवले. एकाला लिहावेसे वाटले, दुसऱ्याला सहीचीही गरज वाटली नाही. मोठे दोघेही ठरले.

तेव्हा ज्याला लिहायचे त्याने जरूर लिहावे, तेही मराठीत किंवा हिंदीत. बाकीच्यांशी आयोजकांनी स्वतः बोलावे, त्यांचे म्हणणे टिपून घ्यावे आणि खाली नाव कारागिराचेच छापावे. सक्ती करायचीच तर उपयोगी माहितीची करा: माती कुठली, झिलईत शिसे आहे का, भांड्यात दही-लोणचे ठेवता येईल का. आंबट पदार्थात शिसे उतरते, म्हणून हे प्रश्न ग्राहकाच्या आरोग्याचे आहेत.

नागपुरातील आयोजकांनी पुढच्या प्रदर्शनापासून निवेदनाचा रकाना ऐच्छिक करावा, ही विनंती.

– एक वाचक, महाल, नागपूर