औषधाच्या खिडकीवर कोण समजावणार?

बारावी सायन्सनंतर काय, हा विषय निघाला की भोर-वेल्ह्याकडचे पालक हमखास म्हणतात, "डी.फार्म करू दे, मेडिकल टाकता येईल." पण फार्मासिस्टचं काम दुकानापुरतंच आहे का?

सरकारी दवाखान्याच्या ओपीडीत बीपी-शुगरच्या गोळ्या बऱ्याचदा महिनाभर पुरतील एवढ्या मिळतात. डोंगरातल्या वाडीवरून आलेल्या आजीला परतीची एसटी गाठायची घाई असते. कुठली गोळी जेवणाआधी, कुठली नंतर, बरं वाटलं तरी बंद का करायची नाही, हे तिला कुणीतरी शांतपणे सांगायला हवं. नाहीतर गोळ्या डब्यात आणि बीपी तसंच! २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस नियमांनुसार रुग्णाला हे समजावणं हे फार्मासिस्टचं कामच आहे.

मग ते शिकवतो कुठे? डी.फार्मला दोन वर्षांच्या अभ्यासानंतर ५०० तासांचं प्रात्यक्षिक. २००८ मध्ये आलेला फार्म.डी. सहा वर्षांचा, त्यात शेवटचं वर्ष रुग्णालयात इंटर्नशिप. पण त्यासाठी ३०० खाटांचं रुग्णालय लागतं. म्हणजे ही मुलं शिकतात शहरात.

माझं मत असं, की त्यातले निदान दोन महिने तालुक्याच्या ओपीडीत असावेत. तिथे शिकवणार कोण, हा प्रश्न रास्त आहे. कॉलेजच्या शिक्षकांनी आठवड्यातून एकदा यावं, बाकी दिवस वैद्यकीय अधिकारी आहेतच.

आणि आपण शिक्षक-पालकांनीही मुलांना सांगताना 'मेडिकल टाक' एवढ्यावरच थांबू नये.