ज्वालामुखीवर उतरण्याचा हट्ट

अंदमानातील बॅरन बेटावर पर्यटकांस उतरू देत नाहीत, जहाजातून दुरूनच दर्शन घडवितात, हा सरकारचा भित्रेपणा होय, असे मत नोएडातील आपल्या मंडळींत ऐकू येते. रजा-प्रवास सवलतीवर तिकडे जाऊन आलेले अधिकारी ते विशेष हिरीरीने मांडतात. ‘तिकडे आपला माणूस आहे, परवानगी काढू,’ असेही कोणी वर सांगतो. या मतास आमचा स्पष्ट विरोध आहे.

परदेशांत उतरू देतात, हा त्यांचा मुख्य मुद्दा. न्यूझीलंडमधील व्हाकारी बेटावर देत होते खरे. ९ डिसेंबर २०१९ रोजी तेथे ४७ माणसे होती; पैकी ३८ एकाच प्रवासी जहाजातून सहलीस आलेली. दुपारी स्फोट झाला आणि २२ जणांचा अंत झाला. तीन आठवडे आधी, १८ नोव्हेंबरलाच, तेथील भूशास्त्रज्ञांनी धोक्याची पातळी १ वरून २ वर नेली होती. इशारा जाहीर होता. सहली चालूच राहिल्या. जाहीर झालेल्या कागदांचे पुढे काय होते, हे कचेरीत आयुष्य घालविलेल्यांस का सांगावयास हवे?

चिन्हे दिसताच माघारी फिरू, म्हणतात. व्हाकारीवर लाव्हा संथपणे वाहत आला नव्हता. भूगर्भातील तापलेल्या पाण्याची एकाएकी वाफ होऊन राख, दगड आणि उष्ण वायू यांचा लोट माणसांवर कोसळला. फिरावयास अवधी होता कोठे? सह्याद्रीचा कातळही लाव्ह्याचाच. पण तो निवून साडेसहा कोटी वर्षे लोटली. त्यावर गड चढलेल्यांनी बॅरनला आणखी एक गड समजू नये.

बॅरनच्या उद्रेकाची नोंद १७८७ पासूनची आहे. दीडशेहून अधिक वर्षे स्वस्थ राहून ते १९९१ मध्ये जागे झाले. सप्टेंबर २०२५ मध्येही त्याचा उद्रेक झाला. तेथे वस्ती नाही, रुग्णालय नाही. श्रीविजयपुरम्, म्हणजे पूर्वीचे पोर्ट ब्लेअर, समुद्रमार्गे सुमारे १४० किलोमीटर दूर. भाजलेल्या माणसास इतके अंतर बोटीतून न्यावयाचे, याचा विचार वशिला लावणाऱ्याने केला आहे काय?

व्हाकारीनंतर खटले वर्षानुवर्षे चालले. उद्या बॅरनवर काही घडले, तर चौकशी परवानगीवर सही करणाऱ्याचीच होईल. दूरध्वनी करणाऱ्याचे नाव फाइलीत कोठेही नसेल. तेव्हा ज्यांस उतरावयाचेच आहे, त्यांनी आपली शिफारस तोंडी न करता लेखी द्यावी, पदनामासह.